सनद नसलेले देव: प्राचीन चीनमधील लोकउपासना आणि कन्फ्यूशिअन पंडितांचा आक्षेप

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. ‘देवाभुतांचा मान राखावा, पण त्यांच्यापासून अंतर ठेवावे’ असे कन्फ्यूशिअस म्हणाला, तेव्हा त्याच्या परंपरेतील पंडित आपण ज्यांना विवेकवादी म्हणतो तसे होते का. प्राचीन चीनमध्ये ‘यिन-सी’ म्हणून जिला नावे ठेवली गेली ती लोकउपासना नेमकी कोणती. आणि शतकानुशतके टीका व बंदी होऊनही ती टिकली कशी. चिनी इतिहास शिकवताना यातला पहिला प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. देव आहेत की नाहीत, यावर या पंडितांचे फारसे भांडण नव्हते. कोणी, कोणाला, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या पैशाने बळी द्यायचा, यावर होते.

‘लीजी’ या विधिग्रंथाच्या पहिल्याच भागात व्याख्या दिली आहे: ज्याला बळी देणे आपल्याकडे नाही त्याला बळी दिला तर ती यिन-सी, आणि यिन-सीने कल्याण होत नाही. त्याच्या अलीकडेच अधिकारांची उतरंड सांगितली आहे. सम्राटाने आकाश व पृथ्वी, चारही दिशा, पर्वत, नद्या आणि घरातल्या पाच देवता यांना बळी द्यावा. मांडलिक राजांनी आपापल्या दिशेला, आपल्या मुलुखातील पर्वत-नद्यांना आणि पाच देवतांना. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी केवळ पाच देवतांना. आणि त्याखालच्या सरदार वर्गाने फक्त आपल्या पूर्वजांना. म्हणजे पर्वत तोच आणि बळीही तोच असला, तरी देणारा कोण यावर ते कृत्य धर्माचे की आगळिकीचे हे ठरे. कन्फ्यूशिअसच्या संवादांत याचे ठळक उदाहरण आहे. लू राज्यातील जी या प्रबळ घराण्याने ताइ पर्वताला बळी देण्याचे ठरवले, तेव्हा त्यांच्या चाकरीत असलेल्या आपल्या शिष्याला कन्फ्यूशिअसने विचारले, ‘तुला हे थांबवता येत नाही का?’ शिष्य नाही म्हणाल्यावर त्याचे उद्गार असे की, विधीचे मर्म विचारणाऱ्या लिन फांगला जेवढे कळते तेवढेही ताइ पर्वताला कळत नाही, असे या लोकांना वाटते की काय! हे वाक्य नीट वाचावे. पर्वताला समज आहे आणि तो भलत्याकडून आलेला बळी स्वीकारणार नाही, हे इथे गृहीत धरले आहे.

हीच भूमिका राजाच्या तोंडूनही ऐकायला मिळते. इ. स. पू. ४८९मध्ये दक्षिणेकडील चू राज्याचा राजा झाओ मृत्यूच्या दारी होता. तो आजारी असताना कौल लावला गेला आणि पीत नदीचा कोप झाल्याचे निष्पन्न झाले होते. मंत्र्यांनी नदीला बळी देण्याचा आग्रह धरला, पण राजाने नकार दिला. पूर्वजांनी घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे बळी आपल्या सीमेपलीकडे जात नाही, यांगत्से व हान यांसारख्या नद्या आमच्या आहेत, आणि माझ्या हातून काही उणे घडले असले तरी पीत नदीचा अपराध मी केलेला नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तो त्याच वर्षी वारला; आणि त्याला थोर मार्ग कळला होता, असे कन्फ्यूशिअसने म्हटल्याची नोंद आहे. जीव वाचवण्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या हद्दीतल्या देवाकडे जायचे नाही, ही या विचाराची कमाल झाली.

श्युन्झी हा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत मात्र खरोखर वेगळा आहे. पावसासाठी विधी केला आणि पाऊस पडला तर त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मांडून तो उत्तर देतो: काहीच नाही, विधी न करताही पाऊस पडतो तसाच हा पडला. सुज्ञ माणूस या विधीला शिष्टाचार मानतो, सामान्य माणूस दैवी चमत्कार मानतो, एवढाच फरक. पण श्युन्झीसुद्धा विधी बंद करा म्हणत नाही, करत राहा म्हणतो. त्याचे पहिले वाक्य एकटे उचलून त्याला नास्तिकांच्या पंक्तीला बसवणारे लेख मी बरेच वाचले आहेत. दुसरे वाक्य त्यांत सहसा सापडत नाही.

मग यादीत कोणाला घ्यायचे? ‘लीजी’त त्याचेही निकष आहेत: ज्याने प्रजेला नियम घालून दिले, जो कर्तव्य करताना मेला, ज्याने श्रमाने राज्य स्थिर केले, ज्याने मोठी आपत्ती रोखली किंवा मोठे संकट परतवले, त्याला बळी द्यावा. हे निकष ‘क्वो-यू’ या ग्रंथातील एका गमतीदार प्रसंगातही येतात. इ. स. पू. सातव्या शतकात लू राज्याच्या राजधानीच्या पूर्व वेशीबाहेर एक अनोळखी समुद्रपक्षी येऊन तीन दिवस बसला. प्रमुख मंत्री त्सांग वेनझोंगने लोकांना त्याला बळी द्यायला लावले. झान चिन नावाच्या अधिकाऱ्याने त्यावर लांबलचक आक्षेप घेतला. बळी ही राज्याची मोठी व्यवस्था आहे. ज्याने काहीच केलेले नाही अशा पाखराचे नाव तिच्यात घुसडणे हे शासनाचे काम नव्हे, आणि समुद्रावर काही अरिष्ट येणार असेल म्हणून हा पक्षी पळून आला असावा, असे त्याने सुनावले. त्या वर्षी समुद्रावर सोसाट्याचे वारे सुटले आणि हिवाळा उबदार गेला, असे ग्रंथ सांगतो. मंत्र्याने चूक कबूल करून ते भाषण बांबूच्या पट्ट्यांवर उतरवून घेतले. या प्रसंगात देव बनवणारा अडाणी गावकरी नसून राज्याचा मंत्री आहे, हे विसरू नये. यिन-सी ही केवळ खालच्या थरातील गोष्ट होती असे समजण्याची चूक फार होते.

आता दुसरा प्रश्न: प्रत्यक्षात या उपासना होत्या कशा? त्यांचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन शीमन बाओच्या गोष्टीत आहे. हान राजवटीतील सम्राट वूच्या काळात लिहिल्या गेलेल्या ‘शी-जी’ या इतिहासात ती इ. स. पू. पहिल्या शतकात छू शाओसुनने भरीला घातली. इ. स. पू. पाचव्या शतकात वेइ राज्याच्या ये नावाच्या परगण्यावर शीमन बाओची नेमणूक झाली. लोक हवालदिल का आहेत म्हणून त्याने म्हाताऱ्यांना विचारले, तेव्हा ‘नदीच्या देवाला बायको करून द्यावी लागते’ असे उत्तर मिळाले. गावचे प्रमुख आणि कचेरीतले कारकून दरवर्षी रयतेकडून लाखो नाणी पट्टी म्हणून गोळा करत. त्यांतली दोन-तीन लाख लग्नावर खर्च होत आणि उरलेली ते भगतिणीबरोबर वाटून घेत. भगतीण घरोघर फिरून गरिबाघरची एखादी देखणी मुलगी हेरे. तिला न्हाऊमाखू घालून नवी रेशमी वस्त्रे देत, काठावर पिवळ्या-तांबड्या पडद्यांच्या मांडवात दहाएक दिवस ठेवत, आणि मग नवरीच्या बिछान्यासारख्या सजवलेल्या तराफ्यावर बसवून पाण्यात सोडत. तराफा काही कोस वाहत जाई आणि बुडे. ज्यांना मुली होत्या ते गाव सोडून पळत होते.

शीमन बाओ लग्नाला हजर राहिला. काठावर दोन-तीन हजार माणसे जमली होती. भगतीण सत्तरीची, तिच्यामागे दहा शिष्या. त्याने नवरीला पुढे बोलावले, पाहिले, आणि ‘ही काही फारशी देखणी नाही, बाईंनी जरा देवाकडे जाऊन, चांगली मुलगी शोधून नंतर पाठवतो म्हणून सांगावे’ असे म्हणून म्हातारीला शिपायांकरवी पाण्यात फेकले. थोड्या वेळाने ‘एवढा उशीर का बरे?’ म्हणत एक शिष्या, मग दुसरी, मग तिसरी. बायकांना निरोप नीट सांगता येत नसेल, म्हणून नंतर गावप्रमुख. या सगळ्या वेळात तो नदीकडे तोंड करून, टोपीत लेखणी खोचून, कमरेत वाकून अदबीने उभा होता. शेवटी कारकुनांकडे वळला, तेव्हा त्यांनी रक्त येईपर्यंत जमिनीवर डोकी आपटली. पुढे त्याने लोकांकडून बारा कालवे खोदवून घेतले.

या कथेत शीमन बाओ ‘नदीला देव नाही’ असे एकदाही म्हणत नाही. विधीची भाषा तो शेवटपर्यंत सोडत नाही, आणि त्याच भाषेत तो पट्टी खाणाऱ्यांची साखळी मोडतो. माझ्या मते अधिकाऱ्यांच्या कथांचा हा साचाच आहे. इ. स. पहिल्या शतकात सुंग च्युन नावाच्या सुभेदाराच्या मुलुखात लोक दोन डोंगरांची पूजा करत, आणि भगत मंडळी दरवर्षी रयतेतली मुले-मुली डोंगराचे नवरे आणि नवऱ्या म्हणून निवडत. त्यांच्याशी नंतर कोणी लग्न करायला धजत नसे. सुंग च्युनने एका ओळीचा हुकूम काढला: यापुढे डोंगरासाठी नवरा-नवरी भगतांच्याच घरातून घ्यावी, गरीब रयतेला त्रास देऊ नये. प्रथा तिथेच संपली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर यल्लम्मेला मुली सोडण्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हुकमातली मेख वेगळी समजावून सांगायला नको.

सगळीकडे असे चातुर्य चालत नसे. इ. स. ५३मध्ये दीवू लुन हा क्वाइजीचा, म्हणजे आजच्या झच्यांग प्रांताच्या परिसराचा, सुभेदार झाला. तिथे देवाला बैल कापण्याची चाल होती आणि त्यात घरेच्या घरे बुडत. देवाला न दाखवता जो गोमांस खाईल तो आजारी पडून मरण्यापूर्वी बैलासारखा हंबरतो, अशी समजूत असल्यामुळे आधीच्या कोणाही अधिकाऱ्याची बंदी घालण्याची छाती झाली नव्हती. दीवू लुनने देवाच्या नावाने धाक घालणाऱ्या भगतांवर खटले भरले आणि उगाच बैल कापणाऱ्यांना दंड केला. लोक घाबरले, काहींनी शिव्याशाप दिले. तो अधिकच कडक झाला, आणि प्रथा बंद पडली असे इतिहासकार लिहितो. बैल म्हणजे नांगर, आणि नांगर म्हणजे सारा, हे गणित त्यामागे होते. अधिकाऱ्यांच्या लेखनात देवांचे खंडन थोडे आणि बैल, नाणी व लग्नाच्या मुली यांचा हिशेब जास्त असतो.

नवे देव कसे उगवतात याची नोंद दुसऱ्या शतकातील यिंग शाओने ठेवली आहे. तो स्वतः अधिकारी आणि विद्वान होता, आणि लोकाचारांवरच्या त्याच्या ग्रंथात अशा अनेक हकीकती आहेत. एकाच्या फासात हरणासारखे जनावर अडकले, पण फासवाला जवळ नव्हता. तिकडून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्याने ते जनावर उचलले, आणि फुकट घेणे बरे नव्हे म्हणून जवळचा खारवलेला मासा त्या जागी ठेवला. फासवाला परत येऊन पाहतो तर रानात, वाटेपासून दूर, जनावराच्या जागी मासा! गोष्ट पसरली, आजारी माणसे बरी होऊ लागली, देऊळ उभे राहिले, डझनांनी भगत जमले, तंबू पडले, घंटा-नगारे वाजू लागले, शेकडो कोसांवरून लोक नवस फेडायला येऊ लागले. काही वर्षांनी माशाचा मूळ मालक त्याच वाटेने आला, चौकशी केली, ‘अरे हा तर माझा मासा, इथे देव कसला!’ म्हणाला आणि मासा घेऊन चालता झाला. देवस्थान बसले. यिंग शाओ इथे टवाळी करतो हे खरे, पण माणसांनी मिळून ज्याला देव ठरवले तो देव होतो, असा लोकांचाच शेराही त्याने जोडला आहे.

याच यिंग शाओच्या हुकमात यिन-सीच्या व्याख्येतला सगळा पेच दिसतो. ल्यू झांग हा हान राजकुळातील राजपुत्र इ. स. पू. १७७मध्ये वारला. सत्ता बळकावणाऱ्या ल्यू सम्राज्ञीच्या माहेरच्यांचा पाडाव करण्यात त्याचा मोठा वाटा होता, म्हणजे ‘लीजी’च्या निकषांवर तो पूर्ण उतरतो. शानतुंगच्या मुलखात त्याची देवळे झाली, पुढे ती एकाचे पाहून दुसरा अशी वाढत गेली, आणि एकट्या जीनानमध्ये सहाशेहून अधिक झाली. उत्सवात व्यापारी सुभेदारांचे कपडे घालून त्यांच्यासारख्या रथांतून मिरवत, तमासगीर आणत, बैल कापत. यिंगलिंग इथे अधिकारी असताना यिंग शाओने दिलेला हुकूम असा: राजपुत्राला मान देणे योग्यच आहे, वर्षातून दोनदा साधेपणाने पूजा करावी, मात्र बैल कापू नये, लांबून कलावंत आणू नयेत, वाड्यावस्त्यांतून पट्टी गोळा करू नये. त्याच काळात जीनानला आलेल्या त्साओ त्साओने, पुढे ज्याने उत्तर चीन जिंकला त्यानेच, इतका विचार केला नाही. सहाशेच्या सहाशे देवळे पाडली. त्याच्या कठोरपणामागे एक कारण दिसते. इ. स. २५मध्ये ‘लाल भुवया’ नावाच्या बंडखोरांनी याच ल्यू झांगची पूजा मांडून, चिठ्ठ्या टाकून, त्याच्या वंशातल्या एका पोराला सम्राट केले होते. जमलेल्या जत्रेतून फौज उभी राहते, हे हान अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

खुद्द दरबाराची काय स्थिती होती? इ. स. पू. ३१च्या सुमारास प्रधानमंत्री क्वांग हंगने सरकारी खर्चाने चालणाऱ्या ६८३ देवस्थानांची छाननी केली आणि २०८ विधीला धरून किंवा संशयास्पद म्हणून ठेवून ४७५ बंद करवली. पुढच्याच वर्षी तो पदच्युत झाला. जुने यज्ञस्थान हलवले त्या दिवशी वादळ होऊन तिथला बांबूचा महाल पडला आणि शंभरावर मोठे वृक्ष उन्मळले होते. सम्राटाने ल्यू श्यांगला विचारले. हा ल्यू श्यांग म्हणजे त्या काळचा अग्रगण्य कन्फ्यूशिअन ग्रंथपंडित. तो म्हणाला, साधे घरसुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांचे कुळाचार मोडायला तयार होत नाही, मग राज्याच्या प्राचीन स्थानांचे काय! सम्राटाला मुलगाही होत नव्हता. बरीच देवस्थाने परत सुरू झाली. त्यानंतर हान गादी बळकावणारा वांग मांग प्राचीन विधींचा कट्टर अभिमानी, पण त्याच्या अखेरच्या काळात देवस्थानांची संख्या १७००वर गेली आणि तीन हजारांहून अधिक प्रकारचे पशुपक्षी बळीला लागू लागले. ते पुरेनात, तेव्हा बदकांऐवजी कोंबड्या आणि हरणांऐवजी कुत्री देऊन वेळ भागवली गेली.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हे सारे साहित्य अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. भगतिणीची बाजू कोणी लिहून ठेवली नाही, आणि ‘त्यानंतर प्रथा संपली’ हे वाक्य चरित्रलेखनाचा एक ठरीव शेवट आहे. टीका फक्त कन्फ्यूशिअन पंडितांची होती असेही नाही. स्वर्गीय गुरूंच्या ताओपंथाने ‘देव खात-पीत नाहीत, गुरू पैसे घेत नाहीत’ असे बजावून रक्तबळी घेणाऱ्या गावदेवांवर अधिक कडाडून हल्ला चढवला.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे टिकून राहण्याचे, उत्तर त्या निकषांतच दडलेले आहे. ज्याने संकट निवारले त्याला बळी द्यावा असे म्हटले की कोणत्याही गावाला आपल्या देवाबद्दल तसे सांगता येते. शीमन बाओचीच गोष्ट घ्या: ये इथे त्याचेही देऊळ झाले, आणि सहाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर छी राज्याच्या सम्राटाने पावसाची प्रार्थना तिथे फळाला आली नाही म्हणून चिडून ते पाडले आणि त्याचे थडगे उकरले. थांग काळात, इ. स. ६८८मध्ये, दी रेनज्ये या अधिकाऱ्याने दक्षिणेत १७००हून अधिक देवळे पाडली आणि चारांचीच ठेवली. त्यांत वू झीश्यू हा एक. या मंत्र्याचे प्रेत नदीत फेकले गेले आणि त्याच्या क्रोधाने नदीत भरतीची भिंत उसळते अशी लोकांची श्रद्धा होती. पहिल्या शतकात वांग छुंग या विचारवंताने या श्रद्धेची यथेच्छ खिल्ली उडवली होती. स्वामिनिष्ठ मंत्री म्हणून तो यादीत बसला, आणि त्याच्याबरोबर भरतीचा देवही बसला.

सुंग राजवटीत तर ही वाट सरकारी झाली. गावकऱ्यांनी देवाच्या चमत्काराचा अर्ज करायचा, शेजारच्या जिल्ह्यातील अधिकाऱ्याने येऊन खातरजमा करायची, आणि मग दरबाराने देवळाला नावाची पाटी किंवा देवाला सरदारकीची पदवी द्यायची. फूच्यान किनाऱ्यावरची माझू ही एका गावातील लिन आडनावाच्या बाईची देवता. ११२३मध्ये तिच्या देवळाला पाटी मिळाली आणि पुढे ती सबंध किनाऱ्याची ‘स्वर्गराणी’ झाली. इकडे पदव्या वाटणाऱ्या याच राजवटीने ११११मध्ये राजधानी कायफंगमधील १०३८ देवळे पाडली होती. यादी वाढत राहिली आणि यादीबाहेरचे अधूनमधून पाडले गेले. दोन्ही कामे एकाच कचेरीतून चालत.

त्यामुळे निष्ठावान पंडिताची अडचण झाली. बाराव्या शतकातील कन्फ्यूशिअन तत्त्वज्ञ झू शी आपल्या मूळ गावी, वूयुआनला, गेला असता तिथल्या ‘पाच देवां’च्या जागृत देवळात जाण्याचा नातेवाइकांनी आग्रह धरला. तो गेला नाही. त्या रात्री जेवण बाधून पोटात कळा आल्या, आणि दुसऱ्या दिवशी पायरीपाशी साप दिसला. देवाचा कोप, असे सगळे म्हणू लागले. पोटाचे दुखणे खाण्यामुळे आहे, त्या पाच देवांवर उगाच आळ घेऊ नका, असे झू शीने सांगितले. एक शिकलेला गृहस्थही ‘चारचौघांसारखे वागावे’ म्हणून समजावू लागला, तेव्हा तो म्हणाला, ‘माझ्या पूर्वजांची थडगी इथून जवळच आहेत, देवाच्याने काही होणारच असेल तर मला तिथेच पुरा, सोयीचे पडेल.’ हाच झू शी जिल्ह्याचा अधिकारी असताना दुष्काळात रीतसर पर्जन्यप्रार्थना लिहीत असे. आणि ज्या देवळात जायला त्याने नकार दिला, त्याला दरबाराची पाटी त्याच शतकाच्या आरंभी मिळालेली होती, म्हणजे सरकारदरबारी ते यिन-सी मुळीच नव्हते.